पुरस्कार देण्याआधी आमचा आड बघायला या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकाच्या पहिल्या पानावरचं चार कॉलमी छायाचित्र पाहिलं. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि खाली मथळा, पर्यावरण रक्षणाबद्दल तेल कंपनीचा गौरव. बातमी दोनदा वाचली. डेपोच्या आवारात रोपं लावली, छतावर सौर पॅनेल बसवले, पावसाचं पाणी जमिनीत जिरवलं, म्हणून हा पुरस्कार. टाक्यांमधून, पाइपांमधून जमिनीत आणखी काय जिरलं, हे त्या बातमीत कुठेच नाही. बातमीदाराने विचारलं नाही, की विचारूनही छापलं नाही, हे आपणच सांगा. रात्री झोप लागली नाही, म्हणून सकाळी उठून हे पत्र लिहीत आहे.

आमचं घर बेळगावच्या शहापुरात. मागच्या परड्यात आजोबांनी खणलेला आड आहे. वरून खालपर्यंत जांभा, त्यामुळे पाणी कधी आटलं नाही. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं तेव्हा गल्लीतली पंधरा-वीस घरं या आडावर होती. पहाटे चारपासून रहाटाचा आवाज सुरू व्हायचा. आई कुणाला नाही म्हणाली नाही. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खणलेली विहीर आजही काँग्रेस विहीर म्हणून दाखवणारं हे आमचं गाव आहे. इथे आड म्हणजे घरातलं माणूसच.

२००६ सालची गोष्ट. मृग बरसून आठवडा झाला होता. आईने पोहरा वर घेतला आणि तिथूनच हाक मारली, "अरे, पाण्याला रॉकेलचा वास येऊलाय बघ." मी जाऊन पाहिलं तर पोहऱ्यातल्या पाण्यावर तवंग होता, निळा-जांभळा, हलवला की रंग बदलणारा. आधी वाटलं, कुणाच्या हातून रॉकेलची चिमणी आत पडली असेल. आड उपसला. दोन दिवसांनी तवंग परत आला. त्या पाण्यात शिजवलेला भात कुणी तोंडात घेईना. शेजारच्या बाळंतिणीला त्या पाण्याने न्हाऊ घातलं तर अंगभर खाज उठली. आठवडाभरात गल्लीने आड सोडला. आमच्या कंपाउंडापलीकडे, आडापासून जेमतेम पन्नास पावलांवर, पेट्रोल पंपाच्या जमिनीत पुरलेल्या टाक्या आहेत. आणखी काय सांगायला हवं?

वडिलांनी पंपमालकाला सांगितलं, कंपनीला लिहिलं, सरकारी खात्याला अर्ज दिला. नमुना घ्यायला माणूस आला तो पुढच्या एप्रिलमध्ये. आडाचं पाणी तळाला गेलेलं. त्याने बाटलीला दगड बांधला, दोरीने थेट तळापर्यंत सोडली आणि भरून घेतली. वडील म्हणाले, "साहेब, तेल वर तरंगतंय, तुम्ही खालचं पाणी घेताय." तो म्हणाला, आमची पद्धत अशीच आहे. नमुना अर्थातच मर्यादेत निघाला.

पेट्रोल-डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी चढलं की तवंग त्याच्याबरोबर वर येतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तो खाली जातो आणि जांभ्याच्या भोकाभोकांत अडकून बसतो, पुढच्या मृगाची वाट बघत. म्हणजे एप्रिलमध्ये आड निर्दोष आणि जुलैमध्ये पुन्हा रॉकेलचा वास. त्याहून वाईट म्हणजे पेट्रोलमधलं बेंझिन पाण्यात थोडंफार विरघळतं. तवंग गेला, पाणी नितळ दिसलं, तरी ते त्यात असू शकतं, आणि त्याने कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. मी पुढे स्वतः वाचून शिकलो. तोवर गल्लीने ते पाणी किती दिवस पोटात घातलं होतं, कोण जाणे.

शेवटी वडील आणि मी कंपनीच्या कार्यालयात गेलो. वडिलांच्या पिशवीत तवंगाच्या पाण्याची बाटली होती. साहेबांनी बाटलीकडे पाहिलं नाही. मागच्या भिंतीवरची चौकट दाखवली आणि म्हणाले, "आम्हाला पर्यावरणाचा पुरस्कार आहे. तुमच्या आडाचं कारण दुसरं काहीतरी असणार." वडिलांनी बाटली पिशवीत ठेवली आणि आम्ही निघालो. घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

संपादक महाशय, काल आपण छापलेलं छायाचित्र उद्या असंच कुठल्यातरी भिंतीवर लागणार आहे. कुणीतरी बाटली घेऊन जाईल आणि त्याला ती चौकट दाखवली जाईल. पुरस्काराने काय बिघडतं, असं आपल्याला वाटत असेल, तर हे बिघडतं. तक्रार घेऊन आलेला माणूस खोटा ठरतो.

हे पुरस्कार ठरतात कसे, हेही वाचकांना सांगायला हवं होतं. बहुतेक ठिकाणी कंपनी स्वतःच अर्ज करते, स्वतःचीच माहिती भरते, कित्येकदा त्यासोबत शुल्कही भरते. परीक्षक कागद बघतात. पंपाशेजारच्या, डेपोशेजारच्या घरांत जाऊन कुणी पाणी मागत नाही.

हे बेळगावपुरतं नाही. अमेरिकेत समुद्रातल्या तेलविहिरींवर देखरेख करणारं सरकारी खातं सुरक्षिततेबद्दल आणि प्रदूषण रोखल्याबद्दल तेल कंपन्यांना पुरस्कार द्यायचं. २०१० च्या मे महिन्यात ह्यूस्टनला समारंभ ठरला होता आणि अंतिम यादीत बीपी ही ब्रिटिश तेल कंपनी होती. त्याआधी २० एप्रिलला त्याच बीपीच्या मेक्सिकोच्या आखातातल्या विहिरीचा स्फोट झाला. अकरा कामगार गेले आणि ८७ दिवस समुद्रात तेल ओतलं जात राहिलं. समारंभ पुढे ढकलावा लागला. स्फोट महिनाभर उशिरा झाला असता तर?

नायजेरियातल्या ओगोनीलँडबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अहवाल २०११ साली आला. तेलवाहिनीशेजारच्या एका गावात लोक पीत होते त्या विहिरींच्या पाण्यात बेंझिन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून जास्त होतं, आणि भूजलावर ८ सेंटिमीटर जाडीचा तेलाचा थर तरंगत होता. ८ सेंटिमीटर! आमच्या पोहऱ्यातला तवंग नखाएवढाही जाड नव्हता, तरी त्याने पंधरा-वीस घरांचं पाणी तोडलं. तो सगळा मुलूख निवळायला २५ ते ३० वर्षं लागतील, असं त्या अहवालात आहे. आणि मुंबईचं माहूल तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. तिथल्या हवेत सोडलेल्या रासायनिक वाफांसाठी हरित लवादाने ऑगस्ट २०२० मध्ये चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटींची भरपाई बसवली. त्यांत एचपीसीएल आणि बीपीसीएल या दोन सरकारी तेल कंपन्या होत्या. तेल कंपन्यांच्या गौरवाची बातमी छापताना असा एक तरी निकाल आपल्याला आठवायला हवा होता.

आता विषय निघालाच आहे तर आणखी एक. आमच्या अर्जाला सरकारी खात्याचं उत्तर आलं ते फक्त कन्नडमध्ये. अर्ज मराठीत होता. वडील कन्नड बोलत, बाजारहाट करत, पण त्यांना वाचता येत नव्हतं. गल्लीच्या टोकाच्या एका कन्नड मास्तरांकडून त्यांनी ते वाचून घेतलं. मास्तर भले गृहस्थ, त्यांनाच वाचताना वाईट वाटलं. मला कन्नडचा राग नाही, माझी नातवंडं ती शाळेत शिकतात आणि छान बोलतात. पण तुमच्या घरातलं पाणी पिण्यासारखं आहे की नाही, एवढं तरी माणसाला त्याच्या भाषेत कळायला नको का? शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, खानापूर, निपाणी इथे किती मराठी घरं आहेत हे सरकारला ठाऊक नाही असं नाही. आमची अर्धी लढाई भाषांतरातच संपते आणि त्याचा फायदा ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांना होतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी नियम केला. शाळा, इस्पितळं आणि वस्तीपासून ५० मीटर अंतर, अगदीच अडचण असेल तर जादा खबरदारी घेऊन ३० मीटर, त्याहून कमी नाही. चांगलं झालं. जुन्या टाक्यांशेजारच्या आमच्यासारख्यांचं काय, हे कुणाला विचारायचं?

दिलेला पुरस्कार मागे घेता येत नाही असं कुणी म्हणू नये. जून २००९ मध्ये हिमाचलातल्या पालमपूरला वेदांताच्या ओडिशातल्या अॅल्युमिना कारखान्याला जाहीर झालेला पर्यावरण पुरस्कार लोकांनी तिथे जाऊन विरोध केल्यावर आयोजकांना मागे घ्यावा लागला. इथेही तसंच व्हावं, अशी माझी उघड मागणी आहे. आणि आपल्या दैनिकाने जेवढ्या जागेत तो समारंभ छापला, तेवढीच जागा डेपो-पंपांशेजारच्या लोकांना द्यावी.

आईवडील दोघेही आता नाहीत. आडावर लोखंडी जाळी टाकली आहे, पण बुजवलेला नाही. पुरस्काराच्या परीक्षकांना माझं निमंत्रण पोहोचवा. मृग लागून आठवडा झाला की या. रहाट मी तेल-पाणी करून ठेवतो. फक्त पोहरा तळाला सोडू नका, वरचं पाणी घ्या.

आपला,
शहापूर, बेळगाव येथील एक जुना वाचक