गाळ काढला, पण ठेवला कुठे?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

कालव्यातला गाळ काढायचं काम निघालं की सगळे खूश होतात, पोकलेन येतो, दोन-चार दिवसात पात्र मोकळं दिसतं, पण काढलेला गाळ तिथंच काठावर ढिगारे करून ठेवतात आणि पहिल्या मोठ्या पावसात त्यातला बराचसा परत आत वाहून येतो, म्हणजे पैसा खर्च झाला आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी काही मिळालं नाही. शिवाय ओला गाळ प्रचंड जड असतो, भरावाच्या कडेवर त्याचा भार पडला तर काठच खचू शकतो.

गाळ कुठे जाणार, कोण नेणार, हे टेंडरमधेच ठरलं पाहिजे. आधी तो निथळू द्या, नाहीतर ट्रकमधून अर्धं पाणीच वाहून नेणार. आणि कृपा करून आधी त्याची टेस्ट करा!! शेतातून वाहून आलेला गाळ शेताला चांगलाच, पण जिथं सांडपाणी किंवा कारखान्याचं पाणी मिसळतं तिथल्या गाळात शिसं, कॅडमियम असू शकतं, असा गाळ हवेत उघडा पडला की काही वेळा आम्लता वाढून हे धातू सुटे होतात. तो शेतात टाकणं चूकच.

अजून एक, खोल खणलं म्हणजे चांगलं काम असं नाही. मूळ तळाच्या खाली गेलं की खड्डे पडतात, तिथं पाणी साचतं, अस्तर फुटलं तर गळती वेगळीच. म्हणून बिल काढताना ट्रकच्या खेपा मोजू नका, कामाआधीची आणि नंतरची तळाची लेव्हल घ्या आणि ते आकडे गावात बोर्डावर लावा.

आपला,
एक शेतकरी वाचक