मदतीच्या पैशांतील दुरुस्तीला निकष हवेत

महोदय,

पुराने किंवा अतिवृष्टीने घराची पडझड झाली की महसूल कर्मचारी पंचनामा करतात आणि मदत थेट बँक खात्यात जमा होते. ही पद्धत योग्यच आहे. मात्र त्या पैशांतून झालेली दुरुस्ती पुढच्या पुरात टिकेल का, हे पाहण्याची जबाबदारी कोणावरच नाही आणि ही उणीव जिवावर बेतू शकते.

आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ साठीच्या निकषांनुसार किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये आणि सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात. पंचनाम्यात किती पडले याची नोंद होते. का पडले आणि जे उभे आहे ते किती भरवशाचे आहे, याची होत नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये आंबील ओढ्याला पूर आला आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी पाण्याखाली गेली, तेव्हा पुणेकरांनी पाण्याचा जोर पाहिलाच आहे. मातीच्या सांध्यांच्या जुन्या विटांच्या भिंतीत पाणी साचून राहिले की सांधे मऊ पडतात. अशी भिंत पुरती वाळण्याआधीच तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला, तर ओल आत कोंडते. बाहेरून भिंत नवी दिसते आणि आतून अशक्तच राहते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग बरेचदा पाया खचल्याची खूण असते, पण ती भेग पुट्टीने बुजवून रंगाखाली झाकली जाते. यात गवंड्याला दोष देता येत नाही, कारण त्याच्याकडून काय करून घ्यायचे हे घरमालकाला कोणी सांगितलेलेच नसते.

हे ज्ञान आपल्याकडे नाही असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर याच राज्याने गावांच्या पुनर्वसनासोबत लाखाहून अधिक घरांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम राबवला. माळवदावरील, म्हणजे सपाट धाब्याच्या छतावरील, मातीचा भार कमी करणे, दुहेरी दगडी भिंतींचे दोन्ही थर जोडणारे आरपार दगड बसवणे ही कामे अभियंत्यांच्या मार्गदर्शनाखाली घरमालकांनीच करून घेतली. २००१ च्या भूकंपानंतर गुजरातने घरबांधणीची मदत ४०, ४० आणि २० टक्के अशा हप्त्यांत दिली व पुढचे हप्ते तपासणीला जोडले. विटा-दगडांच्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १३९३५ हे मानकही उपलब्ध आहे.

६,५०० रुपयांच्या मदतीला अटी घालू नयेत. तेवढ्यात धड एक भिंतही होत नाही. पण पंचनाम्यासोबत कनिष्ठ अभियंत्याची एक भेट आणि कोणती भिंत उतरवायची, कोठे भिंतींना बांधून ठेवणारा पट्टा घालायचा, विजेचा मीटर किती उंचीवर न्यायचा, हे सोप्या मराठीत लिहिलेला एक कागद घरमालकाला मिळायलाच हवा. मनुष्यबळ अपुरे असेल, तर पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या स्थापत्य विभागांची मदत घेता येईल. मोठ्या मदतीचा पहिला हप्ता विनाअट आणि तत्काळ द्यावा, उरलेला पाहणीनंतर. मात्र ही पाहणी म्हणजे हेलपाटे मारण्याची आणखी एक खिडकी होऊ नये. तिला मुदत असावी आणि मुदतीत अभियंता न आल्यास त्याचा जाब वरिष्ठांना विचारला जावा, घरमालकाचा हप्ता अडकवला जाऊ नये. जिल्हा प्रशासन आणि महापालिकेने येत्या पावसाळ्यापूर्वी निदान नदी-ओढ्यांकाठच्या वस्त्यांपासून ही व्यवस्था सुरू करावी, ही विनंती.

— एक निवृत्त स्थापत्य अभियंता, पुणे