एकोणीस सुपाऱ्या

पणजी,
श्रावण वद्य पंचमी

तीर्थरूप आई व बाबांस,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

रविवारी जेवणे होत आली असताना मी इंग्लंडला जाण्याचे सांगितले, तेव्हा बाबा काहीच बोलले नाहीत, आणि आई, तू एवढेच विचारलेस, "काय कमी आहे तुला इथे?" मला उत्तर सुचले नाही. वाटीतली सोलकढी तशीच ठेवून मी उठले, आणि ते तुम्हा दोघांना लागले असणार हे कदंबाच्या बसमध्ये बसल्यावर माझ्या ध्यानात आले. विद्यापीठाचा होकार मे महिन्यातच आला होता, पैसे भरून झाले होते, बिनपगारी रजाही मंजूर झाली होती, आणि सारे ठरून गेल्यावर मी तुम्हाला सांगितले, ही माझी चूक आहे. आधी सांगितले असते तर तुम्ही मला अडवले नसते. तुम्ही अडवणार नाही याचेच मला भय होते, कारण मग मीच थांबले असते. दादाच्या वेळी घरात काय झाले ते मी विसरलेले नाही, आणि हे तसे नाही, एवढे कृपा करून माना.

आईचा तो प्रश्न गेले चार दिवस माझ्याबरोबर वर्गात येतो. बारावीच्या मुलांना मी सध्या इंग्रजीतले ओढीचे आणि उणिवेचे शब्द शिकवते आहे. वॉन्ट, नीड, लॅक, मिस, लाँग, पाइन हे शब्द मुले एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात आणि आपल्याला ते सगळे येतात असे त्यांना वाटते. तेविसावे स्तोत्र आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना तोंडपाठ आहे. त्यातले 'आय शॅल नॉट वॉन्ट' म्हणजे काय, असे मी विचारले, तर एका मुलीने उत्तर दिले, "मी काही मागणार नाही." 1611 सालच्या त्या इंग्रजी भाषांतरात वॉन्टचा अर्थ मागणे नाही, इच्छा करणेही नाही, मला काही उणे पडणार नाही, असा तो अर्थ आहे. हा शब्द उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या भाषेतून साधारण 1200 च्या सुमारास इंग्रजीत आला, तो 'उणे असणे' एवढाच अर्थ घेऊन, आणि 'हवे असणे' हा आज सर्वांच्या तोंडी असलेला अर्थ त्याला पुढे पाचशे वर्षांनी, अठराव्या शतकात, रूढपणे चिकटला. एखाद्याला काही हवे आहे म्हणजे त्याच्याकडे काहीतरी कमी असणारच, असे माणसे धरून चालली असतील, आणि अर्थ त्या वाटेने सरकत गेला असेल, असे मला वाटते.

आई, तू रविवारी तेच धरून चाललीस. मला काही हवे आहे असे ऐकल्यावर आपल्याच हातून काय राहिले ते तू शोधू लागलीस. काहीही राहिलेले नाही. तुम्ही दोघांनी मला जे दिले त्यात कसलीही वानवा नव्हती, आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी मला शब्दांचा अभ्यास नीट बसून करावासा वाटतो, तोही त्या भरलेपणातूनच. आपल्या 'पाहिजे'त उणिवेचा मागमूस नाही, हे किती बरे आहे. तो मुळात 'पाहणे' या धातूचे जुने कर्मणी रूप आहे. जे पाहिले जावे, ज्याच्या शोधात नजर जावी, ते पाहिजे. मला जायला पाहिजे, ते या अर्थाने.

बाबा, पुढचे तुमच्यासाठी लिहिते, कारण मोल्सवर्थचा शब्दकोश उशाशी घेऊन झोपणारा माणूस या घरात एकच आहे. 'एकोणतीस'ला 'नऊवीस' का म्हणत नाहीत, म्हणून मी पाटी आपटली होती, ते तुम्हाला आठवते का? तुम्ही सोप्यावर वीस सुपाऱ्या ओळीने मांडल्यात, एक उचलून मुठीत धरलीत आणि म्हणालात, एक ऊन वीस, म्हणून एकोणीस. ऊन म्हणजे उणे. मला ते पटले नव्हते. मी तुमच्या मुठीची बोटे एकेक करून उघडली, आणि ती सुपारी हाताला कोमट लागली. परवा धडा तयार करताना मला कळले की संस्कृतातला तो 'ऊन' आणि इंग्रजीतला 'वॉन्ट' एकाच मुळातून निघालेले आहेत, आणि चंद्र कलेकलेने घटतो त्यासाठीचा 'वेन' हा शब्दही त्याच कुळातला आहे. रात्रीचे अकरा वाजले होते, तुम्ही झोपला असाल म्हणून फोन केला नाही, पण हे सांगायला तुमच्याखेरीज मला कोणीच आठवले नाही.

मला तुमची आठवण येणार नाही, असा अर्थ कोणी काढू नये. 'लाँग' हे क्रियापद जुन्या इंग्रजीत 'मला' घेऊन येत असे. मी ओढ धरते असे न म्हणता, मला लांबते, अशा धर्तीवर ते लोक बोलत, जसे आपण मला हुरहूर लागते असे म्हणतो. माणूस तिथे कर्ता नसतोच. जे व्हायचे ते त्याला होते. फोंड्याच्या वसतिगृहात पहिल्या वर्षी रविवारची दुपार अशीच लांबत जाई. भिंतीवरची उन्हाची तिरीप खिडकीपासून खाटेपर्यंत येईतो मी आईच्या हातच्या पेजेचा वास आठवत पडून राहात असे आणि चार वाजता उठून तोंड धुत असे. 1961 च्या आधी दोन वर्षे पोर्तुगीज शाळेत गेलेले बाबा याला 'सौदाद' म्हणतील. तो शब्द एकटेपणाच्या लॅटिन शब्दातून आला आहे, आणि एकटी मी असणारच आहे, हे लपवून काय उपयोग? मात्र तुम्ही दोघांनी 'पाइन' करायचे नाही. आपल्या झुरण्याला जवळचा असा तो शब्द आहे, आणि त्याचे मूळ लॅटिनमध्ये दंडाला, शिक्षेला जे म्हणत त्यात आहे. तुम्ही कोणताही गुन्हा केलेला नाही.

माझी काळजी करू नका. खोली विद्यापीठाच्या आवारातच मिळाली आहे, ती थंडीत उबदार ठेवण्याची सोय आहे, आणि स्वयंपाकघर चौघींत मिळून आहे. भारतीय किराणा तिथे मिळतो. उकडा तांदूळ नाही मिळाला तर साध्या तांदळाची पेज करीन. तिरफळे आणि सोले मात्र घरचीच नेणार आहे. अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे आणि पुढच्या गणेश चवथीला मी घरी असेन. यंदाची चवथ चुकते आहे, याचे मला फार वाईट वाटते. 'मिस' या शब्दाचा जुना अर्थ नेम चुकणे असा आहे, आणि गणपतीवर बांधलेल्या फळांच्या माटोळीखाली उभे राहून कवंडळे वर देणारा माझा हात त्या दिवशी तिथे नसेल, तेव्हा तो अर्थ मला पुरेपूर कळेल.

आता जे लिहिते ते दोघांनीही ऐकायचे आहे. आईने साखर दर महिन्याला उपाशीपोटी तपासून घ्यावी आणि आकडा कपाटाच्या दारावर लावलेल्या कागदावर लिहावा. पातोळ्या दोन खाव्यात, पाच नाहीत. बाबांनी डाव्या डोळ्यासाठी बांबोळीच्या इस्पितळात मिळालेली तारीख पुढे ढकलायची नाही. दादा गाडी घेऊन येणार आहे, त्याच्याशी माझे बोलणे झाले आहे, आणि त्या दिवशी त्याला जेवल्याशिवाय सोडू नका. माळ्यावरची पेटी मी आल्यावर उतरवू. माटोळीसाठी शिडीवर बाबांनी चढायचे नाही, शेजारच्या मुलाला बोलवावे, तो येतो म्हणाला आहे. कुळागरातल्या पायऱ्यांवर अजून शेवाळ आहे, तेव्हा सुपाऱ्या वेचायला जाल तर पायांत चपला घालून जा, अनवाणी नको, आणि काठी बरोबर घ्या. शनिवारी दुपारच्या बसने मी येते आहे. माझ्यासाठी काही खास करू नकोस, आई. रविवारची सोलकढी तेवढी पुन्हा कर.

तुमची,
बाय