विषय: हातापेक्षा वाफेचा इशारा मानणाऱ्या चिमणीबाबत शेवटची लेखी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

काल आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी झालेले ३४ मिनिटांचे संभाषण शेवटचे, असे ठरवून हे पत्र लिहीत आहे. हाताच्या इशाऱ्यावर चालणारी आपली ९० सेंटिमीटरची स्वयंपाकघरातली चिमणी मी मार्चमध्ये २३,४९० रुपयांना घेतली. हात डावीकडून उजवीकडे नेला की ती सुरू व्हावी, उलट नेला की बंद व्हावी आणि बंद असताना सेन्सरसमोर पाच सेकंद हात धरला की आतला हीटर तापून साठलेले तेल वितळावे, ही तिची रचना आपणास मी सांगायला नको. प्रत्यक्षात ती माझा हात दहांपैकी सहा-सात वेळा ओळखत नाही. कुकरची वाफ मात्र न चुकता ओळखते.

मी आयटीआयमध्ये २६ वर्षे इलेक्ट्रॉनिक्स शिकवले आहे. सेन्सरच्या काचेमागचा एलईडी डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतो आणि समोरून परतलेला प्रकाश दोन फोटोडायोडपैकी (प्रकाश टिपणाऱ्या भागांपैकी) कोणावर आधी पडला, यावरून हाताची दिशा ठरते, एवढे मला कळते. म्हणून पट्टी घेऊन मोजून पाहिले. पांढरा कागद १२ सेंटिमीटरवरून ओळखला जातो, स्टीलचे झाकण त्याहूनही लांबून, आणि काळा पडलेला लोखंडी तवा चार सेंटिमीटरवर नेला तरी नाही. सकाळी आठला पूर्वेच्या खिडकीतले ऊन काचेवर आले की कागदही दिसेनासा होतो, कारण उन्हातही अवरक्त किरण भरपूर असतात. टीव्हीचा रिमोट आपला प्रकाश साधारण ३८ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ३८ हजार, ठोक्यांत पाठवतो आणि टीव्ही तेवढाच टिपतो, त्यामुळे तो भर दुपारीही चालतो. जे त्या रिमोटला जमते, ते २३ हजारांच्या चिमणीला का जमू नये?

आपले तंत्रज्ञ तीनदा येऊन गेले. पहिल्याने स्वतःच्या रुमालाने काच पुसली. दुसऱ्याने सेन्सरचा बोर्ड बदलला आणि वॉरंटी चालू असताना भेटीचे ५०० रुपये व त्यावर जीएसटी, असे ५९० रुपये घेतले. तिसरा म्हणाला, "काकू, सेन्सरखाली वाफ जाऊ देऊ नका." चिमणीखाली वाफ जाऊ द्यायची नसेल तर चिमणी कशासाठी लावायची, हे आपण लेखी कळवावे.

आता कालचा प्रसंग. आपल्या प्रतिनिधीने व्हिडिओ कॉल लावून मला चिमणीसमोर उभे केले आणि हात फिरवायला सांगितले. "जरा सावकाश, मॅडम." फिरवला. "आता थोडा पटकन." फिरवला. "मनगटातून नको, पूर्ण हात न्या." नेला. मग त्यांनी बांगड्या काढायला लावल्या, त्याही काढल्या. शेवटी ते म्हणाले, "घरात दुसरं कोणी आहे का? एखादा मुलगा वगैरे? त्यांना फोन द्या, तुम्हाला नाही जमणार." माझा नातू पुढे आला, चिमणीने त्यालाही ओळखले नाही. तेवढ्यात शेजारच्या शेगडीवरच्या कुकरची शिट्टी झाली, वाफेचा लोट वर गेला आणि चिमणी सुरू झाली. "बघा, झाली ना चालू!" असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. दोन मिनिटांत आपला संदेश आला की, आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे. निराकरण कुकरने केले, याची नोंद घ्यावी.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. वाफेनेच चिमणी बंद होते आणि वाफ समोर रेंगाळली की तिला पाच सेकंद धरलेला हात समजून हीटर सुरू होतो, तेही खाली शेगडी पेटलेली असताना. गॅस चालू असताना ही सफाई करू नये, असे आपल्याच माहितीपुस्तिकेत ठळक छापले आहे. सेन्सर बंद ठेवण्याची सोय आपण दिलेली नाही. मी त्यावर चिकटपट्टी लावून पाहिली, तर पट्टीलाच हात समजून हीटर तापू लागला! सध्या मुख्य बटण बंद करून, खिडकी उघडून मी स्वयंपाक करते.

पुन्हा सांगते, ही चिमणी माणसाचा हात ओळखत नाही. आपला मिक्सर आमच्या घरी १८ वर्षे चालला, त्या विश्वासावर दुसऱ्या कंपनीची चौकशीसुद्धा केली नाही, याचे आता वाईट वाटते.

१५ दिवसांत पूर्ण रक्कम आणि ते ५९० रुपये परत न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. मी राहते त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही, हे आपल्या कायदा विभागाला ठाऊक असेलच. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार आजच नोंदवली आहे.

चिमणी उतरवून नेण्यासाठी माणूस पाठवाल तेव्हा आदल्या दिवशी कळवावे. ती चालते की नाही हे त्याला पाहायचे असेल, तर कुकर लावून ठेवीन.

आपली ग्राहक,
नाशिक

सोबत: बिलाची, भेटीच्या पावतीची व वॉरंटी कार्डाची प्रत