मावशी, पाचव्या लिंबाबद्दल

कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मार्केटातल्या भाजीवाल्या मावशींना,

नमस्कार मावशी. हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, ठाऊक आहे. "अक्षर म्हंजे मला मुंग्यांची रांग" असं तुम्हीच म्हणाला होता. संध्याकाळी पाटी आवरायला तुमची नात येते, तिनं मोबाईलवर वाचून दाखवावं. आणि मधलं काही गाळू नये, विशेषतः माझ्या नातेवाइकांचं.

जूनमध्ये बायकोची बदली आजऱ्याला झाली. ती शनिवारी संध्याकाळी येते, सोमवारी पहाटेच्या एसटीनं जाते. मागं राहिलो मी, आबा, दहावीतली लेक आणि सातवीतला लेक. स्वयंपाक मला अगदीच येत नाही असं नाही. कुकर लावतो, आमटी फोडणीला टाकतो, भाकरी तेवढी अजून गल्लीतल्या काकूंकडून विकत. त्रास होता तो वेगळाच. दुपारचे चार वाजले की ऑफिसात पोटात गोळा यायचा, रात्री काय करायचं? हा गोळा बायकोनं सतरा वर्षं एकटीनं सांभाळला आणि मी ताटाकडं बघून "परत दोडका?" म्हणत आलो. तेही इथंच कबूल करून टाकतो.

आता नातेवाईक. घरच्या ग्रुपवर विचारलं, आठवड्याचं काहीतरी सुचवा. अकरा जणांनी ताटाचे फोटो पाठवले, त्यातल्या नऊ ताटांत पनीर. एक आत्येभाऊ म्हणाला, "बाई लाव की एक, एवढं काय त्यात?" एकीनं आहार सांगणाऱ्या कुण्या बाईंचा नंबर दिला. पैसे भरले, सात दिवसांचा रंगीत चार्ट आला. सोमवारी किनवा. आबांनी ते वाटीत हलवून बघितलं आणि विचारलं, "कुठल्या कोंबडीचं खाद्य हे?" त्यानंतर त्या बाईंनी माझा फोन उचलला नाही. मग एका मेसचा डबा लावला. त्यात वर तरंगत होता त्याला कोल्हापुरात कट म्हणत नाहीत, नुसतं तेल म्हणतात. एवढ्या सगळ्यांत आमच्या घरात जेवणारं कोण कोण आहे, एवढं एकानंही विचारलं नाही.

तुम्ही विचारलंत. तेही मी गिऱ्हाईक म्हणून नवाच असताना.

त्या रविवारी मी नेहमीसारखा अर्धा किलो फ्लॉवर तागडीत टाकला. तुम्ही तो उचलून परत ढिगावर ठेवलात. "तीन रविवार झालं, फ्लॉवरच न्हेतोयस. घरात कोण आजारी हाय काय?" मी काहीतरी पुटपुटलो. पाठीमागं दोन बायका खोळंबल्या होत्या, पण तुम्हाला त्याचं काहीच नव्हतं. "माणसं किती?" मी सांगत गेलो आणि तुम्ही लिंबाच्या ढिगातनं एकेक उचलून पोत्यावर मांडत गेलात. हे म्हाताऱ्याचं. हे लेकीचं. हे पोराचं. हे बायकोचं, शनवारचं. "आता वाराला भाजी लावू नगंस, माणूस लाव. ज्याचा वार त्यानं सांगायचं, बाकीच्यांनी गप जेवायचं."

मी पिशवी उचलली. तुम्ही म्हणालात, "थांब. आणि तुझं कुठाय?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मग तुम्ही आणखी एक लिंबू घेतलंत, पदराला पुसलंत, आणि बायकोचं लिंबू बोटानं जरासं सरकवून मधे जागा केलीत. त्याच्या सालीवर तपकिरी चट्टा होता, एवढं अजून दिसतंय मला. आई गेल्यापासून मला काय खावंसं वाटतं हे मीही मला विचारलं नव्हतं. मी तागडीकडं बघत उभा राहिलो. तुम्हीही लगेच मागच्या बाईंना मेथीचा भाव सांगायला लागलात, माझ्याकडं बघितलं नाहीत. ते न बघणं मी विसरणार नाही.

तेव्हापासून घर असं चाललंय. सोमवार आबांचा, उपवास सोडायला पोकळ्याची भाजी आणि भाकरी. पालेभाजी रविवारी आणलेली, तिला पहिला मान. मंगळवारी लेकीची पीठ पेरलेली ढब्बू मिरची. बुधवारी पोरगा मटणावर अडून बसतो, म्हणजे महिन्यातून दोन बुधवार मटण, बाकीचे दोन अंडी आणि तोंड वाकडं. त्याच रात्री, मटणाचं पातेलं घासायच्या आधी, मटकी भिजत घालायची. गुरुवारी सकाळी फडक्यात बांधायची. शुक्रवारी मोड आलेले असतात.

शुक्रवार कुणाचाच नव्हता. तोही तुम्हीच लावून दिलात. "पुराच्या वर्षी काय खाल्लासा?" म्हणालात. ऑगस्ट २०१९, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, गावात भाजीचा ट्रक येईना. आठवून बघितलं तर आम्ही तेव्हा उपाशी नव्हतो. पिठलं, मसूर, वरणा, हुलगा असली कडधान्यं, आणि वर उन्हाळ्यात करून ठेवलेली कांदा-लसूण चटणी. त्या सगळ्याचा आता एक स्टीलचा डबा आहे. त्याला आम्ही पुराचा डबा म्हणतो, आणि शुक्रवारी तोच उघडतो. भाजी संपली म्हणून आता कुणी घाबरत नाही. रविवारी दुपारी उरलंसुरलं.

मावशी, त्या दिवशी फ्लॉवर परत ठेवून तुम्ही स्वतःचंच गिऱ्हाईक तोडलंत, हे मला घरी आल्यावर लक्षात आलं. पण आपल्या गावात अशी माणसं अजून भेटतात. गंगावेशीत दूध घालणारा माप भरल्यावर वर एक धार सोडतोच. कोथिंबीर देणारी दोन काड्या वर टाकते. हे 'वरचं' हिशेबात धरलेलं नसतं आणि मागून मिळत नसतं. चार्टवाल्या बाईंकडं ते नव्हतं. आमच्या ग्रुपवर तर पन्नास माणसं आहेत!

तर माझा वार गुरुवार. पहिले दोन गुरुवार मला काही सुचलंच नाही, पोरं हसली. तिसऱ्या गुरुवारी आठवली आईची शेंगोळी. हुलग्याचं पीठ, लसूण, चटणी, हातावर वळून रश्शात सोडायची. पहिल्या खेपेला विरघळून पिठल्यासारखं झालं. दुसऱ्या खेपेला दगड. आबांनी एक तोंडात धरून बराच वेळ ठेवली आणि म्हणाले, "चव तिचीच हाय."

येत्या गुरुवारी डबा घेऊन येतो, तुमच्यासाठी आणि नातीसाठी. निबर झाली असतील तर रश्शात बुडवून वर लिंबू पिळा. पण तुमच्या ढिगातलं. ते पाचवं अजून आमच्या फ्रिजवर आहे, वाळून सुपारीसारखं झालंय, आणि त्याला हात लावायचा नाही असं लेकीनं सगळ्यांना बजावलंय.

तुमचा,
फ्लॉवरवाला