घरकुल गावात, बिऱ्हाड पुलाखाली

मा. गृहनिर्माण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

नांदेड जिल्ह्यात मुखेड तालुक्यातल्या एका गावात माझं किराणा दुकान आहे. तराजूमागच्या खिळ्याला सध्या सात किल्ल्या लटकल्यात. दिवाळी झाली की माणसं घराला कुलूप लावतात, किल्ली माझ्याकडं देतात आणि पुण्या-मुंबईला बांधकामावर जातात. एका कुलपाला तर गंज चढू नये म्हणून दुधाची पिशवी गुंडाळलीय. ते घर म्हणजे 1 लाख 20 हजारांचं सरकारी घरकुल. घरमालकीण दोन लेकरं घेऊन पुण्यात पुलाखाली झोपते.

कागदावर ती बेघर नाही. शहरातल्या आवास योजनेची अटच आहे, कुटुंबाच्या नावावर देशात कुठंही पक्कं घर नसावं. अट चूक नाही, एकाला दोन घरं कशाला? पण साहेब, तिला मालकीचं घर नकोच आहे. आठ महिन्यांपुरती भाड्याची खोली हवी. खोली मिळते, पण डिपॉझिट तीस हजार. हजेरीवर जगणाऱ्यानं ते एकरकमी कुठून आणायचे? मुकादमाकडून उचल घेतली की पुढचं वर्ष गहाण.

निवारा केंद्रं आहेत, असं तुम्ही म्हणाल. सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्येच शहरांना दर लाख वस्तीमागं एक, चोवीस तास चालणारा निवारा सांगितला होता. कुटुंबांसाठी वेगळा निवारा शहरी बेघरांच्या निवारा योजनेतही लिहिलेला आहे. तिला मिळाला तो असा : नवरा एका केंद्रात, ती दुसऱ्या. "आन् भांडी, गाठोडं कुठं ठिवू?" म्हणाली, आणि परत पुलाखाली गेली.

8 मे 2020 ला, लॉकडाउनमध्ये गावाकडं चालत निघालेले आणि औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळावर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले. त्याच वर्षी केंद्रानं स्थलांतरितांसाठी भाड्याच्या घरांची योजना काढली. आमच्या गावातल्या एकालाही त्यातली खोली मिळालेली नाही.

शहरात जागा महाग, हे मान्य. पण बांधकाम खर्चावरचा 1 टक्का उपकर बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळाकडं जमा होतोच. त्यातून या लोकांच्या डिपॉझिटची हमी घ्या. खातं दुसरं आहे म्हणाल, पण मंत्रालयाची इमारत तर एकच ना?

उत्तर तिच्या आधारवरच्या पत्त्यावर पाठवू नका, तिथं कुलूप आहे. दुकानावर पाठवा.

आपला,
एक किराणा दुकानदार