कीड न ओळखताच केलेल्या फवारणीबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

ताराबाई पार्क, कोल्हापूर येथील आमची बाग आणि घरातल्या कुंड्या यांच्या कीड नियंत्रणाची वार्षिक सेवा आम्ही आपल्याकडून घेतली आहे. पैसे आगाऊ भरले आहेत. आपली माणसं वेळेवर येतात, नीट बोलतात. तक्रार आहे ती कीड कोणती हे न बघताच औषध मारण्याच्या पद्धतीबद्दल.

जुलैअखेरीस लॉनवर पिवळे डाग पडू लागले. आपल्या कर्मचाऱ्याने उभ्या उभ्या 'बुरशी' सांगितली आणि बुरशीनाशक फवारलं. डाग पसरत गेले, साळुंक्या माती उकरू लागल्या. मी फोन करून हे कळवलं, तर येऊन पुन्हा तेच औषध मारलं. शेवटी शिरोळहून आलेल्या माझ्या दिरांनी पिवळं गवत मुठीत धरून ओढलं. अख्खा थर हातात आला, मुळंच नव्हती! खाली पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या. मुळं खाणारी हुमणी. आपल्या ऊसपट्ट्यात शेतकऱ्याचं पोरही ही कीड ओळखतं. वळवाच्या पावसानंतर हिचे भुंगेरे, म्हणजे पूर्ण वाढलेले किडे, तिन्हीसांजेला जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर जमतात, मग मातीत अंडी घालतात. अळी लहान आहे तोवरच औषध किंवा मेटारायझियमसारखी अळ्या मारणारी उपयोगी बुरशी चांगली लागू पडते. पोसलेली अळी दाद देत नाही. नेमका तोच काळ चुकीच्या औषधात वाया गेला.

हॉलमधल्या अरेका पामचंही तसंच. पानांवर फिकट ठिपके, मागे बारीक जाळी. 'माव्याचं औषध', म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक कीटकांवरचं औषध मारलं गेलं, आणि होता लाल कोळी. पान पांढऱ्या कागदावर झटकलं असतं तरी हलणारे ठिपके दिसले असते. कोळी आठ पायांचा, तो कीटक नव्हे. माव्याची बरीचशी औषधं त्याच्यावर चालत नाहीत. सुरुवातीलाच पानं खालून पाण्याने जोरात धुतली असती, तर झाड एवढं खंगलं नसतं. ते सासूबाईंनी वाढवलेलं आहे, म्हणून जास्त लागतं.

आणखी एक गोष्ट मला सगळ्यात गंभीर वाटते. पावतीवर फक्त 'औषध फवारणी' लिहिलेलं आहे. नाव विचारलं तर 'कंपनीचं मिश्रण' एवढंच उत्तर मिळालं. कीटकनाशकाच्या डब्यावर विषारीपणा दाखवणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. आमच्या घरात रांगणारं बाळ आहे. त्या खोलीत कोणत्या त्रिकोणाचं औषध मारलं, हे आम्हाला कळायलाच हवं.

तरी आजवर वापरलेल्या प्रत्येक औषधाचं नाव, प्रमाण आणि आपल्या परवान्याची प्रत लेखी द्यावी. कीड ओळखता येणारा जाणकार माणूस पाठवून लॉन खणून तपासावं, आणि त्याच्या पाहणीशिवाय पुढची फवारणी करू नये. हे जमणार नसेल तर उरलेल्या मुदतीचे पैसे परत करावेत. लॉनच्या नुकसानभरपाईची मागणी दोन्ही परिस्थितीत कायम आहे. फोटो आणि पावत्या सोबत जोडल्या आहेत. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास कोल्हापूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन.

आपली,
एक ग्राहक
ताराबाई पार्क, कोल्हापूर